‘पेडिग्री’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न सांगलीकडच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये असते आणि तिला दिवस गेले आहेत. तिथल्या इस्पितळानं आनुवंशिक आजारांच्या चौकशीसाठी तिला एक कोरा तक्ता दिला आणि ‘फॅमिली पेडिग्री’ भरून आणायला सांगितलं. मुलीनं फोनवर आजीकडे नावं मागितली, तर आजी उखडल्या. ‘पेडिग्री कुत्र्याची बघतात. आपण काय कुत्री आहोत का?’ ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा शब्द माणसांसाठी वापरणं अपमानाचं आहे का? मराठीत त्याला वंशावळ म्हटलं तर चालेल का? आणि जातीच्या दाखल्यासाठी भावानं केलेली वंशावळ घरात आहेच, तर तिचंच इंग्रजी करून पाठवलं तर भागेल का?

मी कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करतो, मोडी कागदही वाचतो. पंचवीसेक वर्षांत हा शब्द वाटणीच्या दाव्यांत आला, मृत्युपत्रांत आला, घोड्याच्या विक्रीच्या कागदात आला आणि अलीकडे डॉक्टरांच्या अहवालांतही येतो. तेव्हा उत्तरं अनुक्रमे अशी: नाही, बहुतेक वेळा हो, आणि मुळीच नाही. यातलं शेवटचं ‘नाही’ महत्त्वाचं आहे, पण ते कळायला शब्दाच्या मुळापासून जावं लागतं.

‘पेडिग्री’ इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आला तो इंग्लंडच्या दरबारी फ्रेंचमधून. तिथं त्याचं रूप ‘पिए द ग्रू’ असं काहीसं होतं. अर्थ, करकोच्याचा पाय. जुन्या वंशावळींत बापाच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे फाकत जाणाऱ्या रेघा काढत. ओल्या चिखलात करकोचा पाय ठेवून उडून गेला की मागं जो तीन बोटांचा ठसा राहतो, तशीच ही खूण दिसायची. ‘पिए’च्या मागं लॅटिन ‘पेस’ आहे आणि तो आपल्या ‘पद’चा, म्हणजे पर्यायानं ‘पाया’चा, लांबचा भाऊबंद लागतो. पुढं इंग्रजांच्या कानाला त्यात ‘डिग्री’ ऐकू येऊ लागली आणि बहुधा म्हणूनच शब्दाची शेपटी तशी वळली. आपल्याकडेही अनेकांना पेडिग्री म्हणजे कसली तरी पदवी वाटते, त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

या व्युत्पत्तीतून कामाची गोष्ट एकच मिळते, पण ती मोठी आहे. पेडिग्री हे मुळात चित्र आहे. रक्त, कूळ, घराणं या गोष्टी माणसांत असतात; पेडिग्री कागदावर असते. ‘लिनिएज’, ‘डिसेंट’, ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ हे शब्द इंग्रज माणूस प्रत्यक्ष परंपरेसाठी वापरतो आणि ‘पेडिग्री’ त्या परंपरेच्या नोंदीसाठी. जमीन आणि सातबारा यांत जो फरक आहे तोच इथं आहे. सातबारा म्हणजे जमीन नव्हे. त्यावर तलाठ्यानं काय लिहिलं, काय गाळलं, कोणाचं नाव कमी केलं यावर भांडणं होतात. पेडिग्री हा घराण्याचा सातबारा समजा. मग तो कोणी, कोणासाठी आणि कशाकरता लिहिला हे विचारावंच लागतं.

गंमत अशी की आपला ‘वंश’ हा शब्दही चित्रच आहे. संस्कृतात वंश म्हणजे बांबू, म्हणून तर वंशलोचन बांबूच्या पोकळीत सापडतं. बांबूला पेरावर पेर येतं तशी पिढीवर पिढी येते. इंग्रजांनी करकोच्याचा पाय पाहिला, आपल्या पूर्वजांनी बांबू पाहिला. पाय फाकतो. बांबू सरळ वर जातो: बाप, मुलगा, नातू, पणतू. आपल्या कागदांतली वंशावळ बऱ्याचदा अशीच एकसुरी वर चढते आणि मुली तिच्यात दिसत नाहीत, हे चित्र मला नेहमी त्या संदर्भात आठवतं. याचा शब्दाच्या मुळाशी काही कार्यकारणसंबंध आहे असा माझा दावा नाही. वंशावळीत भाऊ-भाऊ असतात, फांद्याही असतात. पण फांदी फुटते ती मुलग्याच्याच ठिकाणी.

आता आजींचा राग. त्यांना एवढंच सांगा की शब्द आधी माणसांचा होता, जनावरांना तो मागाहून मिळाला. लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था १४८४ पासून आहे. सरदार घराण्यांची चिन्हं आणि वंशावळी नोंदवणं हे तिचं काम. १५३० ते १६८८ या काळात तिथले अधिकारी परगण्यापरगण्यात दौरे काढून कोणाला मानचिन्ह लावायचा हक्क आहे हे पेडिग्री तपासून ठरवत. घोड्यांची पाळी नंतर आली. वेदरबी यांच्या जनरल स्टड बुकाचा प्रास्ताविक भाग १७९१ मध्ये निघाला आणि शर्यतीच्या घोड्यांचं सगळं खानदान कागदावर आलं. आजचे सगळे थरोब्रेड घोडे बापाच्या बाजूनं बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीनच घोड्यांपर्यंत जातात. कुत्र्यांचा केनेल क्लब त्याहून अलीकडचा, १८७३ चा. आपल्याकडे मात्र हा शब्द घरात शिरला तो कुत्र्याच्या खाण्याच्या पाकिटावरून, त्यामुळे आजींच्या डोळ्यांसमोर तेच आलं. रागवण्यात गैर काही नाही.

जनावरांच्या बाबतीत मराठीला ‘वंशावळ’ लागत नाही, चांगला शब्द आहे: जातिवंत. जातिवंत खिल्लार बैल, जातिवंत कारवानी कुत्रा. बाजारात बैल पाहणारा शेतकरी शिंगं, वशिंड, चाल बघून जातिवंत की नाही ते सांगतो, कागद मागत नाही. म्हणून ‘पेडिग्री डॉग’चं भाषांतर ‘जातिवंत कुत्रा’ करावं, पण ‘पेडिग्री सर्टिफिकेट’ असेल तर तो कागद आहे आणि तिथं ‘वंशावळीचा दाखला’ म्हणावं लागतं. (‘जातिवंत’मध्ये ‘वंत’ हा प्रत्यय आहे, गुणवंत-धनवंतमधला. ‘जातीवंश’ असं लिहिलेलं हल्ली दिसतं, ते चूक.) घोड्याच्या कागदात मला एकदा चांगलीच ठेच लागली होती. दोन शिंगरं ‘हाफ ब्रदर’ लिहिली होती आणि मी सरळ ‘सावत्र भाऊ’ करून टाकलं. घोड्यांच्या धंद्यात सावत्रपणा फक्त आईवरून धरतात. एकाच घोड्याची, पण वेगवेगळ्या माद्यांच्या पोटची शिंगरं तिथं भावंडं म्हणून मोजतच नाहीत, कारण नाव झालेल्या घोड्याची शिंगरं दर वर्षी ढिगानं असतात. नात्याचा तोच शब्द, पण धंदा बदलला की मोजायची रीत बदलते.

कोर्टात पेडिग्री म्हणजे वंशावळ, यात शंका नको. जुन्या कागदांत ‘कुर्सीनामा’ही सापडेल. दाव्यात ‘वादी-प्रतिवादींची वंशावळ खालीलप्रमाणे’ असं लिहून वर मूळपुरुष आणि खाली शाखा काढतात. भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम ३२ मध्ये ‘फॅमिली पेडिग्री’ हे शब्दच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो मजकूर कलम २६ मध्ये गेला आहे. मेलेल्या माणसांमधलं नातं काय होतं हे सिद्ध करताना मृत्युपत्र, घरातला दस्त, कुटुंबाची वंशावळ, थडग्यावरचा लेख, घरातलं चित्र यांवरचा मजकूर चालतो. पण एक अट आहे: तो मजकूर वाद उभा राहण्याआधीचा हवा. वकिलानं दावा टाकताना काढलेली वंशावळ हे पक्षकाराचं म्हणणं असतं. आजोबांनी भांडणाच्या तीस वर्षं आधी पोथीच्या मागच्या पानावर लिहिलेली वंशावळ हा पुरावा होऊ शकतो. इंग्रजीत दोन्ही पेडिग्रीच. मराठीत मी पहिलीला ‘दाव्यातील वंशावळ’ आणि दुसरीला ‘कुटुंबात ठेवलेली वंशावळ’ असं फोड करून लिहितो. न्यायाधीशांनी त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही.

दगडावरच्या वंशावळीचं उदाहरण मराठीत थोर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मूळपुरुषांपासून स्वतःपर्यंत. तमिळ मुलखातल्या देवळावर इतका लांबलचक मराठी मजकूर पाहून थक्क व्हायला होतं. तोही पेडिग्रीच. आणि राजानं स्वतः कोरून घेतलेला असल्यानं त्यात काय यावं, कसं यावं हे राजानंच ठरवलं, हेही विसरायचं नाही.

कागदाबाहेरची पेडिग्री आपल्याकडे जास्त जुनी. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी बैलावर बसून गावोगाव येतात आणि वाड्यासमोर उभं राहून घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात. ताई, तुमच्याकडे येत असतील तर पुढच्या खेपेला ऐकून ठेवा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि तुमच्या खापरपणजोबानं केलेली नोंद समोर येते. गेल्या शतकात छापलेले कुलवृत्तांत तर मराठीतला वेगळा साहित्यप्रकारच झाला. एकेका आडनावाची शेकडो पानं, पिढीला क्रमांक, शाखेला गाव. हेळव्याची असो की तीर्थोपाध्यायाची, इंग्रजीत सगळ्याला पेडिग्री म्हणता येईल. पण मराठीत ज्याचं नाव त्यालाच ठेवावं. हेळव्याच्या म्हणण्याला ‘वंशावळ प्रमाणपत्र’ म्हटलं तर तो हसेल.

आता फसगतीच्या जागा. माझ्या मते इंग्रजी पेडिग्रीतला सगळ्यात धोक्याचा मजकूर तीन अक्षरांचा असतो: डी. एस. पी. आपला माणूस वाचतो आणि पोलीस उपअधीक्षक समजतो. खरं तर ते लॅटिन ‘देसेसित सिने प्रोले’चं लघुरूप, म्हणजे मूलबाळ मागं न ठेवता वारला. त्याला आणखी एक एम लागला, डी. एस. पी. एम., की अर्थ होतो मुलगा मागं न ठेवता वारला, मुली असतील. मराठीत आपण या दोन्हींसाठी ‘निपुत्रिक’ लिहून मोकळे होतो, कारण बोलण्यात निपुत्रिक म्हणजे मूल नसलेला. पण शब्दाप्रमाणं बघितलं तर पुत्र नसलेला. सुरुवातीच्या वर्षांत एका वाटणीच्या कागदात मी ‘निपुत्रिक मयत’चं इंग्रजी ‘मूल नसताना वारला’ असं केलं होतं. मयताला मुलगी होती. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला ती मुलगी आणि तिचा शाळेचा दाखला पुढं ठेवला. चूक माझी होती, आणि मूळ कागद लिहिणाऱ्याची नव्हती. त्याच्या काळात मुलगी हिशेबातच नव्हती, म्हणून त्यानं तो शब्द वापरला होता. तेव्हापासून मी ‘निःसंतान’ आणि ‘पुत्रसंतान नसलेला’ असे दोन वेगळे शब्द ठेवतो आणि मूळ मराठीत ‘निपुत्रिक’ आलं तर तळटीप देतो.

जुन्या मोडी कागदात नात्याच्या खुणा आणखी असतात. ‘गोविंद बिन रामजी’ किंवा ‘वलद रामजी’ म्हणजे रामजीचा मुलगा. बाई असेल तर ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’, म्हणजे अमक्याची बायको. लक्षात घ्या, पुरुषाच्या नावापुढं बाप आहे आणि बाईच्या नावापुढं नवरा. तिचा बाप कोण हे कागदाला माहीतच नाही. अशा कागदावरून बाईच्या माहेरची पेडिग्री काढायला कोणी सांगितलं तर मी काम परत करतो. दुसरा कागद आणा म्हणतो.

कायद्यानं मात्र मुलीला कागदावर आणलं आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, देशभराची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं की २००५ च्या दुरुस्तीच्या तारखेला बाप जिवंत असायला हवा अशी अट नाही. त्यामुळे वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायच्या वंशावळीत मुली लिहिल्याच पाहिजेत. गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत त्यांचीही नावं येतात. तरी अजून असे कागद माझ्याकडे येतात ज्यांत चार भाऊ आहेत आणि बहिणी शून्य. मी विचारतो, ‘बहिणी नाहीत?’ उत्तर येतं, ‘आहेत की, पण त्या दिल्या घरी.’

जातीच्या दाखल्याची वंशावळ यापेक्षाही अरुंद. तिचं काम एकच: अर्जदारापासून बाप, आजा, पणजा असं मागं जात ज्या पूर्वजाच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदीत जात लिहिलेली सापडली त्याच्यापर्यंत पोचणं. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडे अशा कामांची रांग लागली. नोंद सापडणं हे अर्धं काम असतं. त्या नोंदीतला ‘बाळा बिन सखा’ हाच आपला पणजोबा हे वंशावळीनं जोडून दाखवायचं, हे उरलेलं अर्धं. इथं आई, आजी, मावशी यांचा काही उपयोग नसतो, म्हणून त्या लिहीत नाहीत. कागद त्याच्या कामापुरता बरोबर आहे.

आणि म्हणूनच ताई, भावाचा तो कागद इंग्लंडला पाठवू नका.

डॉक्टरांची पेडिग्री हे त्याच करकोच्याच्या पायाचं तिसरं पोर आहे. तिच्यात नावं जवळजवळ लागतच नाहीत. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, चौकट तिरकी ठेवली की लिंग माहीत नाही. आकृती भरलेली असेल तर त्या व्यक्तीला आजार आहे, तिरकी रेघ मारली असेल तर ती वारली. लहानसा त्रिकोण म्हणजे दिवस पूर्ण होण्याआधी गेलेला गर्भ. पिढ्यांना रोमन आकडे, आणि ज्याच्यामुळं चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. बारावीच्या जीवशास्त्रात मुलं हे शिकतात आणि मराठीत त्याला ‘वंशावळ विश्लेषण’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यामुळं घरच्यांच्या डोळ्यांसमोर तहसीलचा कागद येतो आणि घोटाळा होतो. मी भाषांतरात ‘आरोग्य-वंशावळ’ लिहितो. कुठल्या कोशातला तो नाही, पण इस्पितळातल्या लोकांना आणि घरच्यांना दोघांनाही पटकन कळतो.

यात बाई का हवी याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राणी व्हिक्टोरियाचं. तिच्याकडून हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, पुढं गेला. तिचा मुलगा लिओपोल्ड त्या आजारानं आजारी होता आणि १८८४ मध्ये एकतिसाव्या वर्षाच्या आतच वारला. पण आजार युरोपभर पसरला तो मुलींमधून. अ‍ॅलिस आणि बिअट्रिस या मुली स्वतः ठणठणीत, पण वाहक. अ‍ॅलिसची मुलगी अ‍ॅलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली आणि तिचा मुलगा अलेक्सी हिमोफिलिया घेऊन जन्मला. बिअट्रिसची मुलगी स्पेनची राणी झाली आणि तिथल्या दोन राजपुत्रांना आजार आला. आता ही वंशावळ आपल्या स्टॅम्पपेपरच्या पद्धतीनं काढून बघा. अ‍ॅलिस आणि बिअट्रिस ‘दिल्या घरी’ म्हणून गळतील, अलेक्सी रशियाच्या घराण्यात जाईल, आणि उरेल एकटा लिओपोल्ड. कागद अगदी शुद्ध, एकही नाव चुकीचं नाही, आणि डॉक्टरला त्यातून काहीच कळणार नाही.

इंग्लंडात गरोदर बाईची थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी चौकशी होतेच. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून दोन्ही बाजूंचं घराणं विचारतात. सिकलसेल आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे बरंच आहे, तेव्हा जावयांच्या घरचं मूळ गाव कुठलं हेही विचारून ठेवा.

खुणांमधली एक गफलत इथं सांगायलाच हवी. कोर्टातल्या आणि इंग्रजी खानदानी वंशावळीत नवरा-बायकोच्या मधे दुहेरी रेघ असते, बरोबरच्या चिन्हासारखी. तिचा अर्थ फक्त लग्न. डॉक्टरांच्या पेडिग्रीत लग्नाला एकेरी रेघ असते आणि दुहेरी रेघेचा अर्थ होतो, नवरा-बायको आधीपासूनच रक्ताचे नातेवाईक आहेत. जुन्या वंशावळीची नक्कल कोणी हौसेनं करून दिली तर सगळं घराणंच आपसात लग्न केलेलं दिसेल आणि डॉक्टर चिंतेत पडतील. उलट, सांगली-कोल्हापूरकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. घरात तसं लग्न झालं असेल तर तिथं दुहेरी रेघ हवीच. लाजायचं कारण नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ सुद्धा सपिंड, म्हणजे लग्नाला आड येणारं रक्ताचं, नातं मोजताना बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या धरतो आणि रूढी असेल तिथं सूट देतो.

याच कारणानं फॉर्मवर ‘कझिन’ लिहून थांबू नका. इंग्रजीत हा शब्द आळशी आहे. आत्याचा, मामाचा, काकाचा आणि मावशीचा मुलगा त्याला सारखाच. डॉक्टरला तो कोणाच्या पोटचा हे हवं असतं. आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ असे चार खण तयार आहेत, तेव्हा आधी मराठीत लिहून काढा आणि मग रेघा ओढा. सख्खं-सावत्र आणि दत्तक वेगळं दाखवा. वारसाहक्काच्या वंशावळीत दत्तक मुलगा औरस मुलाच्या रांगेत बसतो, पण रक्ताच्या चौकशीत त्याची रांग जन्मदात्या घरची.

शब्दाचा अलंकारिक वापर राहिला, तो लवकर उरकतो. इंग्रजी वर्तमानपत्रं खेळाडूची, बँकेची, एखाद्या कल्पनेचीही पेडिग्री सांगतात. तिथं ‘वंशावळ’ लिहिलं तर वाचणारा हसतो. माणूस असेल तर ‘मोठ्या घराण्यातला’, संस्था असेल तर ‘नावाजलेली परंपरा’, कल्पना असेल तर ‘पूर्वपीठिका’. गाण्यात मात्र मराठीला फार नेमका शब्द मिळालेला आहे, तो घराणं. उस्ताद अल्लादियाखाँकडून मोगूबाई कुर्डीकरांकडे जे आलं ते गुरूकडून शिष्येकडे आलं, रक्तातून नव्हे. मोगूबाईंकडून किशोरी आमोणकरांकडे आलं ते दोन्ही वाटांनी, आई म्हणूनही आणि गुरू म्हणूनही. बाईकडून मुलीकडे जाणारी वंशावळ आपण तोंडपाठ म्हणतो ती इथंच, आणि इथं कोणाला ‘दिल्या घरी’ म्हणायचं सुचत नाही.

तर ताई, प्रत्यक्ष काम असं करा. मधोमध मुलगी आणि जावई. वर दोघांचे आईबाप, त्यांच्या वर चारी घरचे आजी-आजोबा. म्हणजे मुलीपासून मोजून तीन पिढ्या. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशी नावं घेतात, तिथं माता, पितामही, प्रपितामही आणि आईकडचे मातामहही येतात. घरी श्राद्ध होत असेल तर गुरुजींकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे ती बायकांची नावं निघतील. जी नावं सातबाऱ्यावर नाहीत ती तिथं सापडतात, असा माझा अनुभव आहे. मग प्रत्येक पिढीतली सगळी भावंडं, मुलगे-मुली दोन्ही, लहानपणी गेलेलीसुद्धा. प्रत्येकापुढं जन्माचं अंदाजे साल, वारले असल्यास वय आणि कशानं गेले. ‘ताप येऊन’, ‘पिवळी पडली होती’, ‘रक्त थांबेना’ असं घरच्या शब्दांत आठवलं तर तसंच लिहा. त्याला रोगाचं नाव आपण द्यायचं नाही, ते डॉक्टर देतील.

आजींकडून मिळण्यासारखं यातलं सगळ्यात जास्त आहे. पण मुलीला सांगा, फोनवर पेडिग्री हा शब्द काढू नको. वंशावळही म्हणू नको, आजी लगेच सासरच्या पुरुषांची नावं सांगायला लागतील. तिनं एवढंच विचारावं: ‘आजी, तुझ्या आईला किती मुलं झाली होती गं, आणि त्यातली किती राहिली?’